टोमॅटो टणक आहे म्हणून तो जीएम ठरत नाही

नाशिक जिल्ह्यातल्या शेतकरी गटांत आणि शहरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सतत फिरतो आहे. त्याचा सारांश असा: बाजारातले टणक टोमॅटो आणि बिनबियांची द्राक्षे जीएम (प्रयोगशाळेत जनुक बदललेली) आहेत, फळावरच्या स्टिकरवर आठचा आकडा असेल तर ते विष आहे, कंपन्यांनी बियाण्यात वांझपणाचे जनुक घातल्यामुळे घरचे बी उगवत नाही, उगवले तरी ते ठेवणे गुन्हा आहे, बोंडअळी पुन्हा यावी म्हणून कापसातले बीटी (अळी मारणारे विष झाडातच तयार करणारे जनुक) मुद्दाम कमजोर केले, आणि जीएमवर बंदी आली की शेतकरी कंपन्यांच्या तावडीतून सुटेल.

मेसेज पुढे पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे. बियाण्याच्या धंद्यात कंपन्यांची ताकद वाढली आहे आणि ती धोकादायक आहे, असे आम्हीही मानतो. म्हणूनच हा मेसेज खोडून काढायला हवा. चोर मागच्या दाराने येत असताना हा मेसेज आपल्याला पुढच्या दारावर पहारा द्यायला लावतो.

“टोमॅटो आठ-आठ दिवस टिकतो, म्हणजे तो जीएमच”

भारतात व्यावसायिक लागवडीला परवानगी मिळून शेतात गेलेले जीएम पीक एकच, बीटी कापूस. ही परवानगी मार्च २००२ मध्ये मिळाली. बीटी वांग्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली आणि ती आजही उठलेली नाही. डीएमएच-११ या जीएम मोहरीला २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले. जीएम टोमॅटोला भारतात कधीच मंजुरी नव्हती. अमेरिकेत १९९४ मध्ये असा एक टोमॅटो बाजारात आला होता, तोही १९९७ पर्यंत गुंडाळला गेला.

मग पिंपळगाव बसवंतच्या बाजारातला माल दिल्लीपर्यंत कसा टिकतो? जाड गर, टणक साल आणि लांबट आकार असलेले पालक वाण निवडून त्यांचे संकर केले जातात. पिकण्याचा वेग कमी करणारे काही बदल टोमॅटोत निसर्गतः आढळले आहेत, तेही साध्या संकरातून वाणांत आणता येतात. त्यात लांबच्या बाजारासाठी तोडा लवकर होतो. फळाच्या टोकाला नुकता रंग फिरला की ते तोडून २० किलोच्या क्रेटमध्ये भरतात. चव उणावते ती इथे. वेलीवर न पिकलेले फळ १० अंशांच्या खाली थंडीत ठेवले तर त्याचा वास कायमचा मंदावतो. ग्राहकाची तक्रार रास्त आहे, पण तिचे कारण तोडणीत आणि वाहतुकीत आहे.

“द्राक्षाला बी नाही, कारण जनुक बदलले”

नाशिकमध्ये बसून हा मुद्दा कुणी पुढे पाठवावा याचे वाईट वाटते. थॉमसन सीडलेसच्या मण्यात फलन होते, बी तयार व्हायला सुरुवातही होते, पण गर्भाची वाढ लवकरच थांबते. मणी खाताना कधी जिभेला मऊ बारीक कण लागतो, तो त्या अर्धवट बीचा अवशेष. हा गुण निसर्गतः आलेला आहे आणि बिनबियांची किसमिस माणूस कित्येक शतके खातो आहे. अशा वेलीची वाढ काडीवरूनच करावी लागते. म्हणून आपल्याकडे डॉगरिजसारखा खुंट लावून त्यावर हव्या त्या वाणाचे कलम भरतात. खुंट क्षारपड जमीन आणि पाण्याचा ताण सोसतो, फळ वरच्या वाणाचे येते. कलमात एकाचे जनुक दुसऱ्यात जात नाहीत.

मणी मोठा होतो तो जिबरेलिक आम्ल या संजीवकामुळे, म्हणजे वाढ घडवणाऱ्या द्रव्यामुळे. बी वाढले असते तर हे संजीवक त्यानेच मण्याला पुरवले असते. ते कमी पडते म्हणून बाहेरून द्यावे लागते. गोडी छाटणीनंतर (फळ धरण्यासाठीची छाटणी) घड पोपटी अवस्थेत असताना १० पीपीएम, म्हणजे १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम, पुढे चार-पाच दिवसांनी १५ पीपीएम, आणि मणी ३-४ मिलिमीटरचे झाले की ४० पीपीएमच्या आसपास घड बुडवणे, असा साधारण क्रम असतो. वाणानुसार हे आकडे बदलतात. मात्रा वाढवली तर देठ जाड आणि कडक होतात, काढणीनंतर मणी गळतात आणि पुढच्या हंगामात काडीत घड कमी सुटतात. मेसेजवाल्यांना द्राक्षाबद्दल प्रश्न विचारायचाच असेल तर तो संजीवकांच्या बेहिशेबी वापराबद्दल आणि काढणीपूर्वीच्या फवारण्यांबद्दल विचारावा.

निफाड-दिंडोरीत आलेले परदेशी रंगीत वाणही पैदाशीतूनच काढलेले आहेत. बिनबियांच्या दोन जातींचा संकर करताना अर्धवट गर्भ वेळेत बाहेर काढून प्रयोगशाळेत वाढवतात, त्यालाच काही जण ‘लॅबमधले द्राक्ष’ म्हणतात. हे जनुक घालणे नव्हे. या वाणांबद्दल काळजीची वेगळी गोष्ट आहे, ती पुढे येईल.

“स्टिकरवर आठने सुरू होणारा आकडा”

हा आकडा विक्री नोंदवण्यासाठी दुकानांना दिलेला असतो. जीएमसाठी आठचा अंक कधीकाळी राखून ठेवला होता खरा, पण दुकानांत तो वापरातच आला नाही आणि पुढे त्याचा तो अर्थही काढून टाकला गेला. हा आकडा छापणे मुळात ऐच्छिक आहे. स्टिकर बघून जीएम ओळखता येत नाही.

“घरचे बी उगवत नाही, त्यात वांझपणाचे जनुक आहे”

‘टर्मिनेटर’ (पुढचे बी वांझ करणारे तंत्र) ही कल्पना बनावट नाही. मार्च १९९८ मध्ये एका अमेरिकी कापूस बियाणे कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषी खात्याला मिळून तिचे पेटंट मिळाले. जगभर विरोध झाला, मोन्सॅन्टो या बियाणे कंपनीने १९९९ मध्ये ते बाजारात न आणण्याचे जाहीर केले, आणि असे बियाणे आजवर कुठेही विकले गेलेले नाही. आपल्या २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात तर अशा तंत्राच्या वाणाची नोंदणीच करता येत नाही.

हायब्रीड टोमॅटोचे बी काढून पेरा, ते उगवते. सरकीही उगवते. अडचण पुढच्या पिढीत येते. पहिल्या पिढीची सगळी झाडे एकसारखी असतात, कारण प्रत्येकाला दोन्ही पालकांचे गुण समान मिळालेले असतात. त्यांच्या बियांतून आलेल्या झाडांत हे गुण विखुरतात: काही उंच, काही बुटकी, एखाद्याचे फळ टणक, शेजारच्याचे पिचके. बीटी कापसाच्या हायब्रीडमध्ये एकाच पालकाकडून एक बीटी जनुक आले असेल, तर पुढच्या पिढीत सुमारे चारातल्या एका झाडात ते जनुकच नसते. दरवर्षी बियाणे विकत घ्यायला लावणारी यंत्रणा हीच. ती जीएमच्या कितीतरी आधीची आहे आणि टोमॅटो, मका, कोबी, सिमला मिरचीत जीएमशिवाय चालते.

विकतचे बी उगवत नसेल तर वांझ जनुक शोधत बसू नका. १०० बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि गोणपाट वाळू देऊ नका. टोमॅटोचे बी १४ दिवसांपर्यंत आणि कांद्याचे १२ दिवसांपर्यंत मोजा. दोन्हींची किमान उगवण ७० टक्के असायला हवी. ही चाचणी पेरणीच्या आधी करावी. नंतर केली तर खोल पेरणी झाली की पाणी जास्त झाले, हा वाद सुरू होतो. पावती, लॉट नंबर असलेले रिकामे पाकीट आणि थोडे बी जपून ठेवावे. तालुका तक्रार समितीकडे पीक शेतात उभे असतानाच अर्ज द्यावा, कारण पंचनामा त्याशिवाय होत नाही. सदोष बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच स्पष्ट केले आहे.

कांद्याकडे बघा. आपल्या जिल्ह्यात कितीतरी शेतकरी स्वतःचे डोंगळे (बियाण्यासाठी लावलेले कांदे) धरतात आणि एन-२-४-१ सारखे सरळ, म्हणजे हायब्रीड नसलेले, वाण वर्षानुवर्षे टिकले आहेत. साठवणीच्या चाळीतून ६० ते ७० ग्रॅमचे, बारीक मानेचे, एकाच डोळ्याचे कांदे निवडायचे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात वरचा एक तृतीयांश भाग कापून बुरशीनाशकात बुडवून लावायचे. बिघडते ते दोन ठिकाणी. कांद्याचे परागीभवन मधमाश्या करतात, म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या वाणाचे डोंगळे किमान ५०० मीटर लांब असावे लागतात, पायाभूत बियाण्यासाठी (ज्यापासून प्रमाणित बी तयार करतात) १००० मीटर. शेजाऱ्याच्या लाल कांद्याचा पराग आला की आपल्या उन्हाळ कांद्याची जात मोडते. दुसरे, पहिल्याच वर्षी निघालेल्या डेंगळ्यांचे (कांदा पोसण्याआधीच आलेल्या फुलदांड्यांचे) बी कधी धरू नये, पुढचे पीकही डेंगळ्यांचेच येते. फुलोऱ्यात कीटकनाशक मारले तर माश्या पळतात आणि गोंडे पोकळ राहतात. कांद्याचे बी वर्षभरात उगवण गमावते, म्हणून ताजेच वापरावे.

“बियाणे ठेवणे, वाटणे गुन्हा आहे”

कायदा याच्या उलट सांगतो. २००१ च्या कायद्याचे कलम ३९ शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचा हक्क देते. अट एक: त्या वाणाच्या नावाचे लेबल लावून, पिशवीत भरून ब्रँड म्हणून विकायचे नाही. या हक्काला एक अपवाद आहे. तणनाशक सहन करणारा ‘चोरबीटी’ कापूस मंजूर नाही. तो ठेवणे, विकणे पर्यावरण संरक्षण कायद्याखाली कारवाईला पात्र ठरते. शिवाय त्याच्या पाकिटावरच्या उगवणीची जबाबदारी कुणीच घेत नाही.

तरीही भीती हवेतून आलेली नाही. २०१९ मध्ये पेप्सिकोने गुजरातच्या काही बटाटा उत्पादकांवर नोंदणीकृत वाण लावल्याबद्दल दावे ठोकले, काहींकडे एक कोटीहून जास्त रुपये मागितले. देशभर आवाज उठल्यावर मे महिन्यात दावे मागे घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये त्या वाणाची नोंदणी रद्द झाली, पण जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला. लक्षात घ्या, तो बटाटा जीएम नव्हता.

“बीटी मुद्दाम कमजोर केले”

मालेगाव, येवला, नांदगावच्या कापूस पट्ट्यात हे वाक्य ऐकू येते. गुलाबी बोंडअळीने आधी एका जनुकाच्या, मग दोन जनुकांच्या बीटीलाही दाद देणे सोडले, हे खरे. कारणे शेतात आणि धोरणात आहेत. बीटीसोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाण्याचे वेगळे पाकीट येत असे. साध्या अळ्या जिवंत राहाव्यात आणि प्रतिकारक अळ्यांशी त्यांचा संकर व्हावा म्हणून ते कडेने लावायचे होते. बहुतेकांनी ते फेकले. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही उभे पीक, ठेवल्याने अळीला उन्हाळ्यापर्यंत खाद्य मिळाले. आणि आपल्याकडे बीटी जवळजवळ सगळे हायब्रीडमध्ये आले. हायब्रीडच्या एकाच बोंडात काही बियांत विष असते, काहींत नसते. अळीला त्या विषाची सवय व्हायला याहून सोयीची जागा नाही. हायब्रीडचा आग्रह कंपन्यांना फायद्याचा होता, कारण सरळ वाणाचे बी शेतकऱ्याने घरी ठेवले असते. कंपन्यांना दोष द्यायचा तर तो इथे द्यावा. कमजोर जनुकाची गोष्ट त्यांना सोयीची आहे, कारण ती कधीच सिद्ध होणार नाही.

आता करायचे ते असे: एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यागणिक आठ पतंग, किंवा दहा टक्के डोमकळ्या (अळी आत असल्याने न उमलणारी फुले) वा किडकी बोंडे दिसली तरच फवारणी करा. आठवड्याला २० हिरवी बोंडे फोडून बघा, कारण बाहेरून बोंड निरोगी दिसते. डिसेंबरअखेर पीक संपवा, पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) बांधावर रचून ठेवू नका.

“जीएमवर बंदी, म्हणजे कंपन्यांपासून सुटका”

बीटी कापसाच्या दोन जनुकांच्या पाकिटावर २०१६ मध्ये कमाल ८०० रुपये दर ठरला, त्यात तंत्रज्ञानाचे शुल्क ४९ रुपये होते. २०२० मध्ये हे शुल्क शून्य झाले. तरी शेतकरी दरवर्षी पाकीट घेतोच, कारण पालक वाण कंपनीकडेच असतात. टोमॅटोच्या बियाण्यावर तर असे दरनियंत्रणच नाही.

द्राक्षात पकड आणखी घट्ट आहे. भारतात झाडाच्या वाणाला पेटंट मिळत नाही, पण वाणाची नोंदणी होते आणि वेलींसाठी ती १८ वर्षांपर्यंत चालते. त्यावर करार येतो. सही करण्यापूर्वी पाच गोष्टी वाचा: रॉयल्टी वेलीमागे आहे की किलोमागे, माल दुसऱ्याला विकता येतो का, काडी कुणाला देता येते का, करार संपल्यावर वेली उपटाव्या लागतात का, आणि वाद कोणत्या शहरातल्या न्यायालयात जाणार. एकरी मांडवाचा खर्च आपला आणि वेल तोडण्याचा हक्क दुसऱ्याचा, असा कागद असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय हात लावू नका. कराराची मराठी प्रत मागा.

कृषी सेवा केंद्रातले लिंकिंगही याच पकडीचा भाग आहे. युरिया हवा तर सोबत सूक्ष्म अन्नद्रव्याचा डबा घ्याच, ही सक्ती बेकायदा आहे. अशा वेळी प्रत्येक वस्तूची वेगळी पावती मागा आणि तीच पावती जोडून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.