टपावरचं बिऱ्हाड

डोंगरातल्या सहलीला निघणाऱ्या आमच्या पाचही गाड्यांचा मी वजनाचा काटा करून आणला, त्या दिवसापासून चार गाड्यांतली माणसं माझ्याशी तुटक बोलतात. पाचवी गाडी माझीच. तिथे बोलणं चालू आहे, पण ते बायकोशी, आणि फारसं प्रेमाचं नाही.

मुळात हे काम माझ्याकडे आलं कसं? सगळे जमलेले असताना दादा म्हणाला, "या वेळी डोंगरात सहा दिवस, आणि चाकाला डांबर लागू द्यायचं नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तेवढं विचारलं, "पण मधे डिझेल कुठे मिळणार?" झालं! शंका काढेल त्याच्याच गळ्यात धोंडा. "बघा, हा विचार आपल्यापैकी कोणी केलाच नव्हता," असं म्हणत त्यांनी मला अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि गडी अशा चारही जागांवर बिनविरोध नेमून टाकलं.

तारखांबद्दल मी बोलणार नाही. ज्या तारखा आम्हा अकरा जणांपैकी एकालाही सोयीच्या नव्हत्या त्या एकमताने ठरल्या, कारण त्यात कुणा एकावर अन्याय नव्हता.

मग वाट. दादाने छापील नकाशावर बोट ठेवलं आणि पुढे सरकवलं. "इथून इथपर्यंत ४२ किलोमीटर. तासाभराचं काम." दादाचं बोट जाड आहे, त्याच्याखाली तीन दऱ्या आणि एक खिंड सहज झाकली गेली. नकाशावरच्या उंचीच्या रेषा जितक्या दाट, तितका चढ खडा, हे मला ठाऊक होतं. त्या खिंडीपाशी त्या इतक्या दाट होत्या की कुणाचा तरी केस पडलाय असं समजून मी फुंकर मारली. केस हलला नाही.

कच्च्या डोंगरवाटेवर ताशी दहा-पंधरा किलोमीटर पडले तर गाडी पळाली म्हणतात. मोठे दगड लागले की एक जण खाली उतरून उलटा चालत हातवारे करतो आणि गाडी त्याच्या पावलांनी पुढे येते. त्यात टायरचं प्रकरण वेगळं. पक्क्या रस्त्यावर ३५ पीएसआय हवा असेल, तर दगडांवर ती २२-२५ वर आणायची. टायर जरा पसरतो, दगडाला धरतो, गाडीतल्या माणसांची हाडंही जागेवर राहतात. पुन्हा बरा रस्ता लागला की भरायची. चार चाकांच्या पाच गाड्या म्हणजे वीस टायर. चालू स्थितीतला कम्प्रेसर एक. टायरमागे पाच मिनिटं धरली तरी शंभर मिनिटं नुसती हवा भरण्यात. हे गणित मी मांडलं तेव्हा दादा म्हणाला, "तू उगाच वातावरण जड करतोस." मी म्हटलं, वातावरण नाही दादा, टायर.

मुळात गाड्या सहा होत्या. सहावी याआधीच गळाली होती. तिचे मालक तीन आठवडे मला रोज काही ना काही विचारत होते. "साधारण किती उंचीचे दगड असतील हो?" मी म्हणायचो, कशाच्या मानाने? "नाही, सहज." मग, "चिखल बाराही महिने असतो का?" मग, "ती लो रेंज, हळू पण जोर लावणाऱ्या गिअरची, टाकावीच लागते, की ज्याच्या त्याच्या आवडीवर?" ताकाला जाऊन भांडं लपवण्याची ही तऱ्हा मी ओळखायला हवी होती. शेवटी ते म्हणाले, त्यांची गाडी फक्त पुढच्या दोन चाकांवर चालते. मागे ठळक अक्षरांत 'फोर बाय फोर', म्हणजे चारही चाकांवर चालणारी, असं लिहिलंय ते? ते आधीच्या मालकाने चिकटवलं होतं, आणि यांना ते काढवेना. आता ते डॉक्टरीणबाईंच्या गाडीत बसणार आहेत. स्टिकर सोबत आणू नका, एवढंच मी सांगितलं.

डॉक्टरीणबाईंचा मला आधार वाटायचा, पण त्याही उलटल्या. ३००० मीटरच्या वर गेलं की दर रात्रीचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस नुसता थांबून काढायचा, असं त्यांनी सांगितलं. माझ्या तक्त्यात आम्ही दुसऱ्या दिवशीच ११०० मीटर चढून झोपणार होतो. "झोपाल," त्या म्हणाल्या, "उठाल की नाही ते सांगता येत नाही." एका रात्रीत अख्खा तक्ता मोडला. एक दिवस वाढला तर रजा पुरेना, आणि खिंड सोडली तर दादाचं तोंड बघवेना. अखेर खिंड ठेवली आणि तिच्या पलीकडचं तळं सोडलं. दादा अजून त्या तळ्याचा उल्लेख "आपलं तळं" असा करतो. त्याने ते पाहिलेलं नाही.

ओढ्यांनी तर घरोघरी भांडणं लावली. बर्फ वितळून येणारे ओढे सकाळी उतरलेले असतात, ऊन चढेल तसे फुगतात. म्हणजे ओलांडायचे ते भल्या पहाटे, तेही आधी कुणीतरी काठी टेकत पायी जाऊन खोली पाहिल्यावर. जिथे माणसाला उभं राहता येत नाही तिथे गाडी घालायची नाही, हा साधा नियम. मी तक्त्यात "सकाळी ५.३० : निघणे" असं लिहिलं. दोघांनी कळवलं की आम्ही नऊच्या आधी पोट साफ झाल्याशिवाय हलत नाही. मी उत्तर दिलं की ओढ्याला तुमच्या पोटाची कल्पना दिलेली नाही. तेव्हापासून त्या गाडीतून येणारे निरोप फक्त अंगठ्याचे असतात.

आणि मग वजन.

माझ्या तक्त्यात एक रकाना होता : 'सामान, किलोमध्ये'. सगळ्यांनी तो प्रामाणिकपणे रिकामा ठेवला. आमच्या बहुतेक गाड्या माणसं धरून पाचेकशे किलो वाहतात. त्यापुढे स्प्रिंगा बसतात, ब्रेक तापतात आणि खाली दगड घासतो. पाणीच घ्या. पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी रोज पाच लिटर, अकरा माणसं, सहा दिवस : ३३० लिटर, म्हणजे ३३० किलो! म्हणून दोन दिवसांचं पाणी बरोबर घ्यायचं आणि पुढचं वाटेत गाळून-उकळून भरायचं ठरलं. लो रेंजमध्ये गाडी नेहमीच्या दुप्पट डिझेल पिऊ शकते, म्हणून वीस लिटरचे कॅन घ्यावेच लागतात, आणि भरलेला एक कॅन वीस किलोच्या आसपास जातो. इथवर कुणाची तक्रार नव्हती. पाणी आणि डिझेल कुणाचंच नसतं. तक्रार सुरू झाली ती मी बाकीच्या सामानाला हात लावला तेव्हा.

आमच्यातल्या एकाने पुढे लोखंडी बंपर आणि त्यावर विंच, म्हणजे अडकलेली गाडी तारेने ओढून काढणारं यंत्र, बसवलंय. टपावर उघडणारा तंबू आहे, तो एकटाच साठ किलो. त्याच्या शेजारी दोन कॅन, एक कुदळ, एक टेबल आणि टेबलावर घालायचा कपडा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं असं ऐकलं होतं; या विंचवाल्याचं टपावर होतं. मी समजावलं की टपावरचं ओझं गाडीचा तोल वर नेतं, तिरक्या उतारावर गाडी कलंडायला मग फार निमित्त लागत नाही, आणि कंपनीनेच टपाला ७५ किलोची मर्यादा घातली आहे. तो म्हणाला, "ती साध्या लोकांसाठी असते."

एकेक यादी बघता बघता माझ्या लक्षात आलं की हे सामान नाही, या भीत्या आहेत. विंचवाला अडकायला भितो. ज्या गाडीत चार जाड रजया होत्या, तिथे कुणीतरी लहानपणी एकदा भयंकर गारठलेलं होतं. एका वहिनींनी सतरा मेणबत्त्या घेतल्या होत्या. विजेरी बंद पडली तर म्हणून दुसरी, ती पडली तर म्हणून तिसरी, आणि विजेचा शोधच रद्द झाला तर म्हणून मेणबत्त्या. दादाने पत्त्यांचे सहा जोड घेतले, कारण त्याला संध्याकाळची भीती वाटते. असं काही कळल्यावर माणसाला "हे काढा" कसं सांगायचं? तरी मी सांगितलं. सगळ्यांना वजनकाट्यावर नेलं, चिठ्ठ्या काढल्या आणि प्रत्येक गाडीपुढे लाल शाईने जादा किलो लिहून तक्ता सगळ्यांना पाठवला.

तो बायकोने वाचला. "आपल्या गाडीपुढे नुसतं 'ठीक' लिहिलंय, ते काय?"

आमची गाडी सगळ्यांत जड होती. मर्यादेच्या वर ९० किलो. हवा भरायचे दोन पंप (एक बंद), दोन होकायंत्रं, एका स्टेपनीला जोडीदार म्हणून दुसरी स्टेपनी, प्लास्टिकमध्ये घातलेले नकाशे तीन प्रतींत आणि तक्त्यांची एक पत्र्याची पेटी. माझी भीती कोणती ते मी इथे लिहीत नाही. बायकोने ती चिठ्ठीसकट सगळ्यांना कळवली आहे.

झाल्या प्रकारावर उतारा म्हणून निघण्याच्या आठ दिवस आधी रंगीत तालीम ठेवली. पूर्ण सामान भरून एका सपाट, ओल्या माळावर जायचं. डोंगर नाही, दगड नाही, ओढा नाही. पहिल्या पाच मिनिटांत विंचवाल्याची गाडी दारापर्यंत रुतली. त्याचा चेहरा मात्र उजळला. विंचला झाड लागतं, किंवा खांब. माळावर गवत होतं. मग त्याने तार समोरच्या सगळ्यांत हलक्या गाडीला अडकवली आणि बटण दाबलं. रुतलेली गाडी जागची हलली नाही; हलकीच गाडी ब्रेक लावलेल्या अवस्थेत हळूहळू तिच्याकडे सरकत आली. आत बसलेल्या गृहस्थांनी काचेतून असा काही नमस्कार केला की कुणालाच हसू आवरेना.

मग टोचन. साध्या दोराने नाही, ताणून रबरासारखा लांबणाऱ्या जाड पट्ट्याने. तो गाडीच्या चौकटीला पक्क्या केलेल्या हुकात लावायचा. मागे ट्रेलर ओढायचा जो गोळा असतो त्याला कधीच नाही. तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा समोरच्या काचेतून आत येतो. ओढताना आजूबाजूला कुणी उभं राहायचं नाही. हे सगळं मी पाठ केलं होतं, घडाघडा म्हणूनही दाखवलं. सगळे तीस पावलं मागे सरले. "काढा पट्टा," मी म्हणालो.

पट्टे पाच गाड्यांत एकूण पाच होते. पाचही तळाशी होते. रजयांच्या खाली, टेबलाच्या खाली, कॅनच्या खाली, सतरा मेणबत्त्यांच्या खाली. तो शोधायला आम्ही सगळी बिऱ्हाडं गवतावर मांडली तेव्हा लांबून चाललेला एक माणूस थांबला आणि बाजार कधी सुरू होतो म्हणून विचारून गेला. चाळीस मिनिटांनी पट्टा मिळाला. गाडी दुसऱ्याच हिसक्यात चार सेकंदांत बाहेर आली.

त्या रात्री मी तक्त्यातल्या बाकी सगळ्या सूचना पुसल्या आणि एकच ठेवली : पट्टा सगळ्यांत वर, त्यावर काहीही नको. प्रत्येकाकडून होकार घेतला. दादाने तर फोटो पाठवला.

आज पहाटे पाचला सगळे जमले. अंधारात विजेरी घेऊन मी प्रत्येकाची डिकी उघडून पाहिली. विंचवाल्याने टेबल आणलं नव्हतं. रजया दोनच होत्या. नऊशिवाय न हलणारे दोघं तयार होऊन गाडीत बसले होते, डोळे मिटलेले, पण बसलेले. आणि चारही डिक्यांत पट्टा सगळ्यांत वर, नीट गुंडाळलेला.

मग माझी उघडली. पट्ट्यावर पत्र्याची पेटी होती. मी इकडेतिकडे पाहिलं आणि दार हळूच लावून घेतलं.