‘बॉर्डरलाइन’ म्हणजे अर्धा कॅन्सर नव्हे

सध्या एक मेसेज फिरतोय. अंडाशयात बॉर्डरलाइन ट्यूमर निघाला की तो कॅन्सरच समजा, दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय काढून मोकळ्या व्हा, केमो घ्या. मूल हवं म्हणून थांबलात तर गरोदरपणातल्या नि आयव्हीएफच्या हार्मोन्सनी गाठ भडकेल. शेवटी हात जोडलेले. माझा दिवस पॅथॉलॉजीच्या स्लाइड बघण्यात जातो. रिपोर्ट न्यायला आलेल्या एका मुलीने हाच मेसेज मला दाखवला, तेव्हा तिचा आवाज फुटत नव्हता.

आधी ‘कॅन्सरच समजा’. सूक्ष्मदर्शकाखाली या गाठीच्या आतून फांद्यांसारखे फुटवे आलेले दिसतात, पेशी एकीवर एक चढलेल्या, केंद्रकं जराशी बेढब. साध्या सिस्टमध्ये एवढी गर्दी नसते. पण खालची हद्द शाबूत असते. पेशी ती ओलांडून आधाराच्या ऊतीत घुसत नाहीत, आणि कॅन्सर ठरतो तो या घुसखोरीवरून. 1929 मध्ये हॉवर्ड टेलर यांनी या गाठी वेगळ्या काढल्या तेव्हा त्यांना ‘सेमी-मॅलिग्नंट’ म्हटलं होतं. ते नाव मागे पडलं, त्यातली भीती तेवढी उरली. गाठ अंडाशयापुरती असेल तर पाच वर्षांनंतर शंभरातल्या 95 हून जास्त बायका हयात असतात.

‘सगळं काढा’ हा मुद्दा जास्त घातक, कारण त्यात थोडं तथ्य मिसळलंय. ही गाठ होणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश चाळिशीच्या आतल्या असतात. मूल हवं असेल तर एका बाजूचं अंडाशय नि नळी काढून बाकीचं ठेवतात. दोन्हीकडे गाठी असतील किंवा एकच अंडाशय उरलं असेल, तर नुसती गाठ सोलून काढतात. अवयव ठेवला की गाठ परत येण्याची शक्यता वाढते, नुसती सोलली तर आणखी, हे खरं. पण परत येते ती बहुतेकदा बॉर्डरलाइनच, उरलेल्या अंडाशयात, आणि पुन्हा काढता येते. त्यामुळे आयुष्य कमी झाल्याचं दिसलेलं नाही.

अपवाद आहेत. गाठ म्युसिनस, म्हणजे चिकट स्राव करणाऱ्या पेशींची, असेल तर सोलण्यापेक्षा ते अख्खं अंडाशय काढणं बरं, कारण ती परतताना कधी कधी कॅन्सर होऊन परतते. सीरस, म्हणजे पातळ स्राव करणाऱ्या पेशींच्या, गाठीबरोबर पोटाच्या आवरणावर इन्व्हेझिव्ह इम्प्लांट, म्हणजे तिथल्या ऊतीत घुसलेली त्याच पेशींची छोटी बेटं, सापडले, तर 2014 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो लो-ग्रेड (सावकाश वाढणारा) कॅन्सरच धरला जातो. म्हणून रिपोर्टमधल्या ‘बॉर्डरलाइन’ या एका शब्दावर थांबू नका. सीरस की म्युसिनस, एकीकडे की दोन्हीकडे, इम्प्लांट आहेत का, मायक्रोपॅपिलरी (बारीक, लांबट फुटव्यांची) ठेवण आहे का, एवढं वाचा. शंका असेल तर स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) मागून घ्या आणि स्त्रीरोगाच्या पॅथॉलॉजीत मुरलेल्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. यात आमच्यापैकी कुणालाही राग यायचं कारण नाही. ऑपरेशन चालू असताना येणारा फ्रोझन सेक्शन (तुकडा गोठवून केलेला झटपट रिपोर्ट), विशेषतः मोठ्या म्युसिनस गाठीत, चुकू शकतो, कारण तेव्हा हाताशी एखाद-दुसराच तुकडा असतो. पोट बंद करून अंतिम रिपोर्टची वाट बघता येते, काढलेलं अंडाशय परत बसवता येत नाही.

केमो: नेहमीच्या बॉर्डरलाइन गाठीत देत नाहीत. पेशी सावकाश वाढतात, औषधाला दाद देत नाहीत.

राहिले हार्मोन्स. गरोदरपणामुळे ही गाठ परत येते याला पुरावा नाही. सुरुवातीच्या टप्प्यात अंडाशय वाचवून ऑपरेशन झालेल्या आणि मूल हवं असलेल्या बायकांपैकी निम्म्यांच्या आसपास आपसूक गरोदर राहिल्याचं अभ्यासांत दिसतं. मेसेजवाल्याने आयव्हीएफचा बागुलबुवा बहुधा नेदरलँड्समधल्या अभ्यासावरून उचललाय. आयव्हीएफ केलेल्या बायकांत बॉर्डरलाइन गाठी जास्त आढळल्या होत्या खऱ्या, पण पुढच्या पाहणीत उपचाराच्या फेऱ्या वाढल्या तरी धोका वाढलेला दिसला नाही. औषधच कारण असतं तर वाढायला हवा होता. शिवाय तो प्रश्न गाठ होण्याआधीच्या उपचारांचा होता. ऑपरेशननंतर आयव्हीएफ लागलंच, तर तो निर्णय कॅन्सर सर्जन आणि वंध्यत्वतज्ज्ञ यांनी एकत्र बसून घ्यायचा.

त्या मुलीच्या रिपोर्टवर होतं: सीरस, डावीकडचं, इम्प्लांट नाहीत. तिने विचारलं, बाळासाठी किती वर्षं थांबू? अशी ठरलेली मुदत नसते, सर्जनला विचार, म्हटलं. पण सोनोग्राफीच्या तारखा चुकवू नकोस, बाळ झाल्यावरही नाही. ही गाठ दहा वर्षांनीसुद्धा परतलेली आहे.