लिलावाचा आकडा मोठा, म्हणून हिशेब बरोबर?

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय: ‘बंद कारखान्यांची सरकारी जमीन पडून राहणं म्हणजे रोजचा तोटा. जास्त बोली लावणाऱ्याला विकून टाका, तिजोरी भरेल. अटी घालत बसलात तर कुणी फिरकणार नाही.’ वाचायला सुटसुटीत आहे. एकेक मुद्दा घेऊ.

पडून राहणं म्हणजे तोटा? आधी फरशी उखडून बघा. धातूला मुलामा द्यायचे तिथल्या मातीत क्रोमियम मुरलेलं असू शकतं. गळक्या तेलटाकीखालची माती काळी निघते, वास मारते. अमेरिकेत नायगारा फॉल्सच्या शाळा मंडळाने १९५३ साली रासायनिक कचरा पुरलेली जागा एका डॉलरला घेतली, शाळा बांधली, भोवती घरं झाली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. मातीच्या तपासणीत गेलेलं वर्ष मला तरी तोट्यात धरवत नाही.

जास्त बोली म्हणजे जास्त फायदा? खरी मेख इथेच आहे. बोलीचा आकडा हवेतून येत नाही. किती मजले चढतील, ते काय भावाने जातील, त्यातून बांधकामाचा खर्च आणि स्वतःचा नफा वजा करून उरेल ती बोली. शहराने बाग सोडली, परवडणारी घरं सोडली की बोली चढते. म्हणजे वरचा पैसा आपणच सोडलेल्या गोष्टींचा.

मुंबईच्या गिरण्या घ्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमात गिरणीच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे होते: मोकळी जागा, म्हाडाची घरं आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जागेपुरती उरली. बांधकामाखालची जमीन हिशेबातून गेली, आणि बागेचा नि घरांचा वाटा आटला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही दुरुस्ती टिकली. मधल्या काळात, २००५ साली, सरकारी मालकीच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने कोहिनूर मिल क्र. ३ विकली ४२१ कोटींना. तो आकडा अजून लोकांच्या तोंडी आहे. दुरुस्तीतला ‘रिकामी’ हा शब्द मात्र कुणाला आठवत नाही.

अटींना घाबरून कुणी येत नाही? जर्मनीतल्या हॅम्बुर्गची हाफेनसिटी म्हणजे सुमारे १५७ हेक्टरचं जुनं बंदर, जमीन बहुतांश शहराच्या मालकीची. तिथे घरांच्या भूखंडांसाठी खरेदीदार निवडताना गुण देतात: त्याच्या योजनेला ७० टक्के वजन, किमतीला ३०. विकासकाला आधी नुसता राखीव हक्क मिळतो. माती तपासा, आराखडा करा, परवानगी आणा, मग खरेदी. तरी विकासक आलेच. सगळं गोड नाही: तिथल्या एल्बटॉवर या उंच इमारतीचं काम २०२३ मध्ये विकासक पैशाअभावी अडकल्याने थांबलं.

सिंगापूरने तर २०१२ मध्ये उद्योगांच्या सरकारी भूखंडांचा पट्टा जास्तीत जास्त ३० वर्षांवर आणला; म्हणजे जमीन ठरावीक मुदतीसाठी द्यायची, मालकी सरकारकडेच.

राहता राहिली भीती की पालिकेकडे जमीन ठेवली तर अतिक्रमण होईल, गुण देताना पैसे खाल्ले जातील. ही भीती खोटी नाही. म्हणूनच कुणाला किती गुण आणि का, हे करारासकट जाहीर व्हायला हवं. पण ज्या पालिकेला स्वतःच्या जमिनीचं कुंपण सांभाळता येत नाही, ती विकलेल्या जमिनीवर खरेदीदाराकडून रस्ता आणि बाग कशी वसूल करणार, हेही त्या मजकुरात लिहायचं होतं.