मायक्रोमीटर म्हणे गोल आहे

ब्रॉन्झचा एक साधा बुश (भोकात बसवायची नळी) लेथवर, म्हणजे कातायच्या मशीनवर, करायचा होता. आतून 20 मिमी, बाहेरून 26, म्हणजे भिंत जेमतेम 3 मिमीची. आतला बोअर, म्हणजे भोक, रीमर मारून (भोक अचूक मापाला आणायचं हत्यार) अगदी झकास झाला होता, तिथंच थांबलो असतो तर सुखी असतो. पण बाहेरचा व्यास आतल्या भोकाशी सेंटरला पाहिजे, आणि माझा तीन जॉचा चक (लेथवर काम धरणारा तीन जबड्यांचा पंजा) सेंटर ही गोष्ट फारशी मनावर घेत नाही, डायल (बारीक डगमग दाखवणारं काट्याचं घड्याळ) लावला की काटा झोपाळ्यावर बसल्यासारखा झुलतो. म्हटलं बुश आतून धरू, एक्सपांडिंग मँड्रेल करू, म्हणजे भोकात घालून फुलवायचा दांडा, अर्ध्या तासाचं काम. लेथवर अर्धा तास तर चकची चावी शोधण्यातच जातो, पण ते असो.

मँड्रेलसाठी चकात तुकडा धरला, वर बुश हाताने सरकून बसेल असा टर्न केला (कातला), मध्ये भोक, आत आटे, तोंडाला काउंटरसंक, म्हणजे उतरती खळगी. ॲलन स्क्रू आवळला की त्याचं उतरतं डोकं आत घुसणार आणि मँड्रेल फुलणार. फुलायला चिरा हव्यात. शहाणा माणूस हॅकसॉ आरपार दोनदा मारतो, चार चिरा मोकळ्या. मी म्हटलं चकला तीन जॉ आहेत, मार्किंग आयतंच आहे, तीनच पाडू. आता तुकडा चकातून काढायचा नाही, काढला की सेंटर गेलं, म्हणून मशीनवर वाकून नुसतं ब्लेड फडक्यात गुंडाळून एकेक चीर खरवडत बसलो. दाताला दात लावून.

पहिल्यांदा स्क्रू जरा हलकाच आवळला. टूल टेकलं मात्र, बुश जागच्या जागी थांबला आणि मँड्रेल आत गरागरा फिरतंय, आवाज असा की विचारू नका. दुसऱ्यांदा थोडा जास्त आवळला, तर फुललं फक्त तोंड, मागची बाजू सैल ती सैलच, कट निमुळता आला. तिसऱ्यांदा मात्र ॲलन कीला पाइप लावला. आता बुश मँड्रेलला सोडायला तयार नाही, कट आरशासारखा. मायक्रोमीटर (समोरासमोरच्या दोन टोकांत पकडून माप घेणारं साधन) लावला, 26.00. थोडा फिरवून परत लावला, 26.00. दहा ठिकाणी 26.00! मी स्वतःवर इतका खूष झालो की हात न धुताच चहा प्यायलो.

मग बुश काढून, तो जिथं बसवायचा होता त्या भोकात घालायला गेलो. भोक 26.02. जाईना. फिरवला, उलटा घातला, फुंकर मारली, नाही म्हणजे नाही. मायक्रोमीटर म्हणतो 26, भोक म्हणतं चल हट.

शेवटी व्ही ब्लॉकमध्ये (व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा) ठेवून डायल लावला आणि बुश फिरवला, तर एका फेरीत काटा तीनदा वर, तीनदा खाली, सहा सहा घरं. म्हणजे काय झालं, तर पाइप लावून आवळल्यावर मँड्रेलच्या तीन फाकांनी पातळ बुश आतून तीन बाजूंना फुगवला, लेथने इमानदारीत तो फुगलेला बुश गोल केला, आणि स्क्रू सोडल्यावर बुश आपल्या मूळ आकारात परत गेला तेव्हा बाहेरून तिकोनी झाला. पण तिकोनात प्रत्येक उंचवट्याच्या बरोब्बर समोर खोलगट जागा, त्यामुळे मायक्रोमीटरला सगळीकडे माप सारखंच. चार चिरा असत्या तर बुश चौकोनी झाला असता, पण तिथं उंचवट्यासमोर उंचवटाच येतो, त्यामुळे निदान मायक्रोमीटरने चुगली तरी केली असती.

दुसऱ्या बुशला मँड्रेल नवीन केलं, चिरा चार, आणि माप असं की बुश अंगठ्याने दाबून बसावा, म्हणजे फुलवायला जवळजवळ काही उरतच नाही. शेवटचा कट स्क्रू थोडा सैल करून, नखभर. गेला बुश आत, गुमान.

ते मँड्रेल जपून ठेवलंय. पण परत चकात धरलं की ते सेंटरला नसतं, मग हलका कट घ्यावा लागतो, मग ते बारीक होतं. सध्या ड्रॉवरमध्ये माझं 20 चं मँड्रेल आहे. ते 19.4 भरतं.