नॅनोग्रॅमचा हिशोब बरोबर, पण ग्लासापुरताच

नमस्कार,

औषधांच्या अंशांमुळे तलावांचं काय होतं, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पिण्याच्या पाण्यातले औषधांचे अंश नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागांत, मोजावे लागतात, एका गोळीइतकं औषध पोटात जायला जन्म पुरणार नाही, तेव्हा मी लोकांना उगाच घाबरवतोय. आणि एवढीच काळजी असेल तर औषधं घेणं बंद करा.

पहिल्या भागावर आपला वादच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या अहवालानुसार शुद्ध केलेल्या पाण्यात हे अंश सहसा लिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खालीच असतात. रोज दोन लिटर प्यायलात तरी ५० मिलिग्रॅमची एक गोळी भरायला तेराशेच्या वर वर्षं लागतील. नळाच्या पाण्याने कोणी आजारी पडेल, असं मी लिहिलेलंच नाही.

पण लेख तलावांबद्दल होता, आणि तिथे हे गणित चालत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात प्रयोगांसाठी राखलेली तळी आहेत. त्यातल्या २६० क्रमांकाच्या तळ्यात २००१ पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं इथिनिलइस्ट्रॅडिओल हे संप्रेरक सोडलं गेलं, लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम. तुमच्याच पद्धतीने मोजू: ३० मायक्रोग्रॅमची (३० हजार नॅनोग्रॅमची) एक गोळी भरायला ५ ते ६ हजार लिटर पाणी, म्हणजे सात-आठ वर्षांचं पिणं. किरकोळच! तिथल्या फॅटहेड मिनो या बोटभर माशाच्या नरांमध्ये मात्र अंड्यातल्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं, काहींच्या वृषणांत अंडपेशी दिसल्या, आणि बघता बघता ही जात त्या तळ्यातून जवळजवळ संपली. औषध सोडणं थांबल्यावर काही वर्षांनी मासे परतले, हेही सांगायला हवं. मासा औषध घेत नाही, त्यातच राहतो. कल्ल्यांवाटे ते अंगात जातं, आणि त्या पाण्याला सुट्टी नसते.

‘सांडपाणी केंद्रात सगळं निघून जातं’ असंही तुम्ही म्हणता. ती केंद्रं मैला आणि सेंद्रिय घाण काढायला बांधलेली असतात. फिट्सवरचं कार्बामाझेपिन त्यातून बहुतांशी जसंच्या तसं बाहेर पडतं. १०४ देशांतल्या नद्यांच्या २०२२ मधल्या पाहणीत सर्वाधिक ठिकाणी सापडलेल्यांत ते होतं.

आणि नॅनोग्रॅम हा काही निसर्गनियम नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणारं केंद्र आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सापडल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. सोळा-सतरा लिटरमागे ५०० मिलिग्रॅमची एक गोळी! परिसरातल्या तलावांतही ते मिलिग्रॅममध्येच मिळालं. अशा पाण्यात तगून राहतात ते प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

औषधं बंद करा, असं मी म्हणणार नाही. ज्याला मधुमेहावरचं मेटफॉर्मिन लागतं त्याने ते घ्यावंच. (दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक जेल चोळल्यावर हात थेट बेसिनमध्ये धुण्याऐवजी आधी कागदाला पुसावेत, एवढं मात्र कोणालाही जमेल. त्यातलं फार थोडंच कातडीत मुरतं.) खरं काम सांडपाण्यावर ओझोन किंवा सक्रिय कार्बनचा जादा टप्पा बसवण्याचं आहे. स्वित्झर्लंडने ते २०१६ पासून कायद्याने सुरू केलं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्याचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधन कंपन्यांवर टाकला. त्याने औषधं महागतील, ही कंपन्यांची ओरड आहे. तुमच्या नॅनोग्रॅमपेक्षा तो आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. त्यावर लिहिणार असाल तर जरूर लिहा.