जावईबापू, काय हुडकायलाव?

परवा नात्यातल्या एका साखरपुड्यात जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभा होतो, तर मागच्या अनोळखी गृहस्थांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. "आता बरं हाय का? उभं राहायलाव म्हणजे मोप फरक हाय की ओ." चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. मी इकडेतिकडे पाहिलं, तर जिलेबीच्या परातीपलीकडून आमच्या हिचे मामा माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवत होते. म्हणजे अख्ख्या कार्यालयाला कळलं होतं की मी घरात रांगतो.

रांगतो, पण त्याला कारण आहे. कारण ऐकून घ्यायला मात्र त्या रांगेत कुणाला सवड नव्हती, म्हणून इथे सांगतो.

टीव्ही मोठा आणला, त्याच्यामागोमाग पाच स्पीकर आले, आणि मग राहिला तो सबवूफर, म्हणजे बेसचा, जाड आवाजाचा डबा. ५.१ मधला जो पॉइंट एक असतो ना, तो हा. बाकीचे पाच बोलतात, गातात, दार वाजवतात. हा फक्त हादरतो. माणसाच्या कानाची खालची हद्द २० हर्ट्झ मानतात; तिथपासून साधारण शंभरेक हर्ट्झपर्यंतचा सगळा गडगडाट याच्या वाट्याला. आमच्या हिची अट एकच होती: आवाज आला तर येऊ दे, डबा दिसता कामा नये.

सोलापूरच्या नव्या पेठेतल्या दुकानात गेलो. दुकानदाराने डीजेचं गाणं लावलं, माझ्या छातीवर तळहात ठेवला आणि विचारलं, "हलली का?" हलली होती. "पाच हजार वॉट हाय साहेब, पीएमपीओ." आता सहा अँपियरच्या प्लगमधून २३० व्होल्टला १३८० वॉटच्या वर जाता येत नाही, मग उरलेले साडेतीन हजार वॉट काय सिद्धेश्वराच्या कृपेने येतात का, असं विचारल्यावर त्याने माझ्या छातीवरचा हात काढून घेतला. पीएमपीओ हा फुगवलेला आकडा पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापायचा असतो. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत निघणाऱ्या खऱ्या ताकदीचा आकडा, आणि तो खोक्याच्या बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरात असतो. माझा शंभर वॉट आरएमएसचा निघाला. आमच्या हॉलला तेवढा रग्गड.

लपवायचे प्रकार पुष्कळ आहेत. भिंतीत बसवायचे मिळतात, पण जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटची भिंत फोडायची म्हणजे आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोडावं लागतं. सोफ्याखाली सरकवायचे चपटे मिळतात, पण आमच्या सोफ्याखाली गाद्या आहेत, गाद्यांखाली आहेरात आलेल्या चादरी आहेत, आणि त्या चादरींखाली काय आहे ते आईलाच ठाऊक. राहिला मार्ग फर्निचरचा. यात विज्ञान आपल्या बाजूने असतं: ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठल्या दिशेने येतोय हे कानाला नीटसं कळतच नाही. त्यामुळे डबा कोपऱ्यात कोंबला तरी स्फोट पडद्यावरच झाल्यासारखा वाटतो.

कुठल्या कोपऱ्यात, हा मात्र प्रश्न उरतोच. कारण हे जाड आवाज भिंतींवर आपटून परत येतात आणि आपलेच आपल्यात मिसळतात. एका ठिकाणी फुगतात, दोन पावलांवर पार मरतात. जागा शोधायची एक जुनी, जगभर चालणारी रीत आहे. सबवूफर उचलून आपल्या बसायच्या जागेवर, म्हणजे चक्क सोफ्यावर ठेवायचा, एकसारखा बेस वाजवत सोडायचा आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत जायचं. जिथे आवाज भरीव आणि सपाट लागेल, तिथे मग सबवूफर ठेवायचा. जागांची अदलाबदल केली तरी आवाजाचा हिशोब तोच राहतो. रांगायचं अशासाठी की सबवूफर जमिनीवर बसणार, तर कानही त्याच उंचीला हवा.

तर रविवारची दुपार. नळाला पाणी आलेलं, आणि आमच्याकडे पाणी रोज येत नसल्यामुळे ते आलं की बाकी सगळं थांबतं. ही आत पिंपं भरत होती, दार सताड उघडं होतं. माझ्या जागेवर, खाली टॉवेल अंथरून, सबवूफर विराजमान. तो घुमतोय, आणि मी कान जमिनीपासून वीतभर वर धरून स्कर्टिंगच्या टाइल्सशी समांतर चाललोय. अशा मुहूर्तावर मामा पत्रिका घेऊन आले.

मामा उभं आयुष्य पॉवरलूमच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे होते. शेडमध्ये माग चालू असताना शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. त्यामुळे मामांचे कान त्यांच्या आधी रिटायर झाले आणि आवाजाची पट्टी शेडमधलीच राहिली. ते उंबऱ्यात थांबले. डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा डब्याकडे पाहिलं.

"पाव्हणं वर बसलेत आन् तुम्ही खाली?"

मी उठायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. काय हुडकायलाव जावईबापू?"

"काही नाही मामा, बेस शोधतोय."

"बेसन?"

"बेस! बेस!"

मामांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "अगं ए, ह्यांना बेसन दे की! सोफ्यामागं हुडकायलेत बिचारे!"

आतून उत्तर आलं की बेसन संपून आठवडा झाला, ज्यांना आणायला सांगितलं होतं त्यांनी आता सोफ्यामागेच शोधावं. याला पुढे बराच फाटा फुटला, त्यात मागच्या महिन्यातली तूरडाळही आली. तो भाग सोडून देतो.

मी मामांना समजावायला घेतलं. बहिऱ्या माणसाला भौतिकशास्त्र समजावणं म्हणजे सगळ्या मजल्यांना समजावणं. मी ओरडून सांगितलं, चाळीस हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साधारण अठ्ठावीस फूट लांब असते!

"कसली लाट?"

"आवाजाची!"

"आन् हॉल किती फुटाचा?"

"सोळा!"

मामांनी हॉल या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने मोजला. "मग ती मावायली कुठं?"

मी गुडघ्यांवर होतो तसाच राहिलो. हा प्रश्न दुकानदाराने विचारला नव्हता, मी ज्यांचे तासतासभराचे व्हिडिओ पाहिले त्या विद्वानांनी इतका थेट विचारला नव्हता. मावत नाही, म्हणूनच तर सगळी भानगड. मामांना उत्तराची गरज नव्हती. त्यांनी पत्रिका सबवूफरवर ठेवली (ती तिथे थरथरू लागली, वरच्या अक्षता घरंगळत टॉवेलवर), धोतराचा सोगा वर खोचला, हात मागे बांधले आणि अनवाणी चालायला लागले. डोळे मिटलेले.

"शेडमदी कान कुणाचे चालायलेत? चोवीस माग धडधडायलेत, त्यातला एक बिघडला, धोटा जरा जरी अडकायला लागला, तर मला इकडं कळायचं. इकडं," असं म्हणून त्यांनी टाच आपटली. "मालक म्हणायचा जॉबर देवाचा माणूस हाय. पगार मात्र माणसाचा पण देत नव्हता."

मग थांबून त्यांनी त्या मालकाबद्दल, मालकाच्या थोरल्या मुलाबद्दल आणि फंडाच्या पैशांबद्दल जे सांगितलं ते ऐकून खालच्या मजल्यावरचा मिक्सर बंद झाला. हातमाग काय, पॉवरलूम काय, सोलापुरी चादर जगभर नावाजली, तिला जीआय मानांकन मिळालं; ती विणणाऱ्यांच्या कानांचं काय झालं हे कुठल्या मानांकनात लिहीत नाहीत. हे मामा म्हणाले नाहीत, मी म्हणतोय. मामा तोवर टीव्हीसमोरून पुढे गेले होते, खिडकीपाशी "इथं नुसती सूज हाय" म्हणाले, बाल्कनीच्या दाराशी "इथं मेलंय," आणि देवघराच्या कोपऱ्यात येऊन थांबले. तळवे दोनदा उचलून ठेवले.

"हितं."

मी रांगत गेलो. कान लावला. सूर तिथे सपाट, भरीव, कुठेही न सुजलेला. ज्याच्यासाठी मी गुडघे सोलून घेतले ते या माणसाने डोळे मिटून, हात मागे बांधून, पत्रिका द्यायला आल्या आल्या करून दाखवलं. मला आनंद झाला असं म्हणणं खोटं होईल.

"देवाच्या पायाशी हे?" ही बादली घेऊन दारात उभी होती.

"वर सोलापुरी चादर टाकू की," आई म्हणाली. आईकडे जगातल्या सर्व अडचणींवर हा एक तोडगा आहे. खरं तर ४० हर्ट्झचा आवाज चादरीला भीक घालत नाही, आरपार जातो. पण सबवूफरच्या पाठीला अँप्लिफायर असतो आणि तो तापतो. मे महिन्यात जिथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, तिथे त्याला चादर पांघरायची म्हणजे काय होईल हे मी आईला सांगितलं. आई म्हणाली, मग उन्हाळ्यात काढू.

मामांनी देवाची बाजू मांडली. "गड्ड्याच्या जत्रेला नंदीध्वजाच्या मिरवणुकीत ह्याच्या दसपट वाजतंय. देव कधी काय बोललाय?" पण मामांचं घरात कुणी ऐकत नाही, जसं मामा कुणाचं ऐकत नाहीत. देवघराचा कोपरा रद्द झाला. हॉलमधली जी एकमेव शास्त्रशुद्ध जागा, तिथे आता कुंडी आहे.

सबवूफर गेला टीव्ही युनिटच्या शेवटच्या खणात, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. मिस्त्रींना मी सांगितलं, पुढे लाकडी चौकटीवर पातळ कापड ताणून बसवा, मागे हवेला भोकं ठेवा, डब्याखाली रबर द्या. मिस्त्री सगळ्याला हो म्हणाले आणि सनमायकाचं दार बसवून गेले. "कापड काय ओ, दोन महिन्यांत झिरझिरं होतंय. ह्याला बघा, टकाटक." भोकं राहून गेली. रबरही राहून गेलं. वरच्या खणात न वापरलेला डिनर सेट आहे. पडद्यावर हेलिकॉप्टर आलं की बश्या दात खातात. खणाजवळ प्लग नाही, हे मिस्त्रींच्या लक्षात आलं होतं, पण ते काम इलेक्ट्रिशियनचं म्हणून ते बोलले नाहीत. इलेक्ट्रिशियनने टीव्हीच्या पलीकडच्या बोर्डापासून भिंतीवरून पांढरी केसिंग पट्टी मारली. काळा डबा दिसू नये म्हणून एवढा खटाटोप केला, तर बिस्किटी रंगाच्या भिंतीवर ती पट्टी घरात शिरणाऱ्याला सगळ्यात आधी दिसते.

आणि आवाज? सोफ्यावर, जिथे मी पैसे मोजून बसतो, तिथे जेमतेम. स्वयंपाकघरात ओट्यापाशी मात्र काय विचारू नका! तिकडे ही पोळ्या लाटताना पानिपत होतं.

आता खालचे शेजारी. गेल्या आठवड्यात रात्री बेल वाजली. "साहेब, जरा कमी करा की ओ, आमच्या खिडकीच्या काचा वाजायल्यात." मी म्हटलं, टीव्ही बंद आहे. तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून मिरवणूक जात होती. ट्रॉलीवर बेसच्या डब्यांची भिंत, माणसाच्या दुप्पट उंच. कुणाची होती ते सांगत नाही, आमच्याकडे सगळ्यांच्याच असतात. त्या भिंतीला कुणी लपव म्हणत नाही, तिला उलट लाइटिंग करतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. आणि मोजतात तेही ज्या मापाने, त्या 'ए' मापात ५० हर्ट्झच्या आवाजाला सुमारे तीस डेसिबलची सूट मिळते. म्हणजे जो आवाज काचा हलवतो, म्हाताऱ्यांच्या छातीत धडकी भरवतो, तोच मीटरवर सगळ्यात सोज्वळ दिसतो. तक्रार कुणाकडे करायची? तक्रार करणाऱ्याचं नाव आधी मंडळाला कळतं आणि मग पुढची मिरवणूक त्याच्या दाराशी जरा जास्त वेळ थांबते. मग माणूस सोपा पत्ता शोधतो. सोपा पत्ता वरच्या मजल्यावर असतो.

"तो आवाज रस्त्यावरचा आहे हो," मी म्हणालो.

"पण तुमच्याकडं सबवूफर हाय न्हवं? मामा म्हणत होते."

आणखी कोण म्हणणार! मी त्यांना आत घेऊन आलो. बघा, बंद आहे. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. "कुठंय?" मी केसिंग पट्टीच्या टोकाला बोट दाखवलं, सनमायकाचं दार उघडलं. आत स्टँडबायचा लाल दिवा. शेजारी वाकून बराच वेळ त्या दिव्याकडे बघत राहिले. मागे रस्त्यावर ट्रॉली आमच्याच फाटकापाशी थांबलेली, वरच्या बश्या कुडकुडतायत.

"लपवून ठेवलाय की ओ," ते हळूच म्हणाले. "उगं कोण कशाला लपवंल?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिच्याकडे होतं. दुसऱ्या दिवसापासून खणाचं दार उघडंच असतं, कुणीही या आणि बघा. मिस्त्री त्या दाराचे राहिलेले पैसे मागायला गुरुवारी येणार आहेत.