दिवे विझवले तर काय उरतं?

मी दुबईत राहतो. गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर पुण्याच्या मेव्हण्याने लिहिलं, "मुंबई-ठाण्यात झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या ना, ते सगळं दुबईचं वेड. वाळूवर मांडलेली रोषणाई नुसती. दिवे विझवले तर खाली काय उरतं?" त्यावर भराभर लाइक पडले. एक माझ्या सख्ख्या भावाचा होता. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

झाडांपुरतं म्हणायचं तर मेव्हणा बरोबर आहे. रात्रभर दिव्याखाली झाड झोपणार कसं, पक्षी राहणार कुठे? पण तिथली झाडं तिथल्याच पालिकांनी गुंडाळली, त्याचा जाब दुबईला कशाला? इथेही खजुरांच्या बुंध्यांना माळा असतात, हे कबूल. पण इथे तीन वर्षांत मेट्रो धावली. २००६ला खोदायला घेतली, ९ सप्टेंबर २००९ला सुरू. पुण्याच्या मेट्रोचं भूमिपूजन २०१६च्या डिसेंबरात झालं, पहिली गाडी २०२२च्या मार्चमध्ये. हे कोणी ग्रुपवर टाकत नाही.

मी बार्शीचा. २००७ साली इथे आलो तेव्हा गावाकडे बारा-बारा तास लोडशेडिंग असायचं. डिप्लोमाचा अभ्यास मी कंदिलाखाली केला. काच पुसायचं काम माझं, म्हणून बोटं कायम काळी. त्या घरातून निघून विमानाच्या खिडकीतून हे शहर पहिल्यांदा पाहिलं आणि रडू आलं. लखलखाटाला नाकं मुरडणाऱ्यांनी आधी एक उन्हाळा अंधारात काढून बघावा.

गेली बारा वर्षं माझं काम इमारतींच्या बाहेरच्या दिव्यांचं आहे. दुबईच्या मुख्य रस्त्याचा, शेख झायेद रोडचा, जो रात्रीचा फोटो तुम्ही फॉरवर्ड करता, त्यात मला आधी काळे डाग दिसतात. दिव्यांना वीज पुरवणारी डबी, आम्ही तिला ड्रायव्हर म्हणतो, ती गेली की अख्खी पट्टी बंद. ऑगस्टमध्ये रात्री अकरा वाजताही हवेत इतकी वाफ असते की काचेवरून पाणी ओघळतं. पिठासारखी धूळ त्या ओलीत चिकटते आणि फिटिंगवर चिखलाचा थर बसतो. आमची पोरं दोरांवर लटकणाऱ्या पाळण्यात बसून चाळिसाव्या मजल्यावरून खाली येतात, फडक्याने तो थर पुसतात, स्क्रू काढून दातात धरतात. एक नेपाळचा, एक राजस्थानातल्या सीकरचा, दोन केरळचे. वाळूवर मांडलेली रोषणाई म्हणताना त्या दातातल्या स्क्रूचाही हिशेब धरा.

मी स्वतः पहिली काही वर्षं सोनापूरला काढली. मुंबईच्या माणसाला हे नाव ऐकलं की मसणवट आठवते. इथे ती कामगारांच्या कॅम्पांची वस्ती. एका खोलीत आम्ही आठ जण. गच्चीवरून बुर्ज खलिफा दिसायचा, तेव्हा तो अजून बांधत होते. २००९च्या मंदीत शहरातल्या कितीतरी क्रेन जागच्या जागी थांबल्या आणि आमच्या खोलीतले पाच जण दोन महिन्यांत परत गेले. ४ जानेवारी २०१० रोजी ८२८ मीटरच्या त्या इमारतीचं उद्घाटन झालं, आतषबाजी झाली. मी गच्चीवर उभा होतो, माझ्या बाजूच्या पाच खाटा रिकाम्या होत्या. तरीही मला अभिमान वाटला. कशाचा, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

आणि हे शहर काल वाळूतून उगवलं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा खाडीवर यावं. रात्री अब्रात बसा. लाकडी होडी, पाठीला पाठ लावून बसायचं, एक दिरहम हातावर ठेवायचा, डिझेलचा वास घेत पलीकडच्या काठावर देऱ्याला उतरायचं. याच खाडीतून आपल्याकडे मोती गेले, सोनं गेलं. १९६६पर्यंत इथे रुपया चालत होता, १९५९पासून तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा छापलेला. बुर दुबईच्या बाजूला देवळाच्या गल्लीत अजूनही फुलांच्या वेण्या मिळतात. बायको दर गुरुवारी तिथून मोगरा आणते.

आता जे ग्रुपवर लिहिलं नाही तेही लिहितो. २०२४ मध्ये ठाण्यातल्या एका नागरिकाने झाडांवरच्या दिव्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि न्यायालयाने पालिकांना जाब विचारला. ती बातमी वाचताना मला मेव्हण्याचा हेवा वाटला. त्याला त्याच्या शहरावर चिडता येतं. मी इथे चिडत नाही. नोकरी आहे तोवर व्हिसा आहे. माझी मुलगी इथे जन्मली, तिला अल कुसैसच्या गल्ल्या तोंडपाठ आहेत, पण तिच्या पासपोर्टवर जे गाव आहे तिथे ती उन्हाळ्यात तीन आठवडे पाहुणी असते. या शहराला कोणी काही बोललं की मी भांडायला उठतो, आणि हे शहर मला आपलं म्हणणार नाही हेही मला ठाऊक आहे. बार्शीत गेलो की भाऊ मला "दुबईवाले" म्हणतो.

तर मेव्हण्याच्या प्रश्नाचं उत्तर. दर मार्चमध्ये अर्थ अवरला, म्हणजे जगभर तासभर दिवे बंद ठेवतात तेव्हा, बुर्ज खलिफाचेही बाहेरचे दिवे बंद ठेवतात. आणि आमच्या इमारतीचे तर मेंटेनन्सला मीच बंद करतो. परवा रात्री दोनला ब्रेकर पाडला. एवढी मोठी इमारत काळी झाली आणि मग एकेक खिडकी दिसू लागली, जी एरवी आमच्या दिव्यांपुढे दिसत नाही. अठराव्या मजल्यावर एक बाई ओट्याशी उभी राहून डबे भरत होती. तीन डबे, वर फॉइल. शेजारच्या खिडकीत कोणीतरी कानाला फोन लावून येरझाऱ्या घालत होतं, तिकडे त्याच्या देशात उजाडत असावं.

पाळण्यातल्या पोराने वॉकीवर विचारलं, "भाईसाब, चालू करू का?" मी म्हटलं, "थांब दोन मिनिटं."